गाठीमागचा उजेड

"खांदा भरलाय रे जरा..."

फोनवर आबा एवढंच म्हणाले होते. मी म्हणालो, "बाम लावा आणि पडा थोडं. माझी सबमिशन चालू आहेत, नंतर बोलतो." आणि फोन ठेवला. बत्तीस सेकंदांचा कॉल. नंतर कितीतरी दिवस मी कॉल लॉग उघडून तो आकडा बघत बसायचो.

गोष्ट २०२४ च्या मे महिन्यातली. सेकंड इयरचं दुसरं सेमिस्टर संपत आलं होतं. फाईल्स, सह्या, ओरल्स आणि त्यानंतर परीक्षा. 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स' या विषयाने तर माझी झोप उडवली होती. फुरिए ट्रान्सफॉर्मची प्रॉपर्टी कुठली आणि कशासाठी, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. दहा प्रश्न पाठ करायचे, त्यातले पाच येतील, चाळीस मार्क पडतील. झालं! हा माझा एकूण अभ्यासक्रम. (आपल्यापैकी बऱ्याच जणांचा हाच असतो, उगाच माना खाली घालू नका.)

आमचं गाव बार्शी तालुक्यात. तीन एकर कोरडवाहू, एक विहीर, जी उन्हाळ्यात फक्त नावाची विहीर असते. त्या उन्हाळ्यात गावात टँकर चालू होता. आबांना थंडी वाजून ताप यायचा, जायचा. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइड समजून इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. ताप दोन दिवस उतरायचा, पुन्हा चढायचा. पोटात उजव्या बाजूला जड वाटायचं. पण आबा तक्रार करायचे ती खांद्याची. पोती उचलून खांदा भरला असेल, असा त्यांचा स्वतःचा निदान-विभाग सांगत होता. घरात बामाच्या दोन बाटल्या संपल्या.

परीक्षा सुरू झाली. गुरुवारी सकाळी दहाला सिग्नल्सचा पेपर. बुधवारी संध्याकाळी मी मेसमधून परत येत होतो, तेवढ्यात चुलत भावाचा, दादाचा मेसेज आला. खरं तर त्याला आईने बजावलं होतं, "पेपर होईस्तोवर त्याला सांगू नको." पण दादाच्या पोटात काही राहत नाही. त्याने बार्शीत केलेल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'याचा अर्थ काय रे? तू इंजिनिअर ना!'

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, यकृताच्या उजव्या भागात 'एस. ओ. एल.' आणि पुढे सीटी स्कॅन करण्याचा सल्ला. एस. ओ. एल. म्हणजे स्पेस ऑक्युपायिंग लेजन. जागा व्यापणारं काहीतरी. एवढाच त्याचा अर्थ. पण हे आज सांगतोय. त्या संध्याकाळी मी रस्त्यात उभा राहून मोबाईलवर ते शब्द शोधले आणि पहिल्या पाच मिनिटांत 'कॅन्सर' हा शब्द इतक्या वेळा वाचला की सहावं मिनिट वाचण्याची ताकद उरली नाही.

रूमवर गेलो. नोट्स उघड्या पडल्या होत्या. पार्टनर म्हणाला, "पेपर देऊन जा, तीन तासांनी काय फरक पडतो?" तो चुकीचं बोलत नव्हता. पण मला त्या बत्तीस सेकंदांपुढे तीन तास मोजता येईनात. रात्री स्वारगेटवरून सोलापूरची एस.टी. पकडली. दादाने आबांना रात्रीच जीप करून सोलापूरला आणलं होतं.

त्यामुळे गुरुवारी सकाळी दहा वाजता, जेव्हा माझ्या वर्गातली मुलं सिग्नल्सचा पेपर उलगडत होती, तेव्हा मी सोलापूरच्या एका हॉस्पिटलमध्ये सोनोग्राफी रूमच्या बाहेर आबांचा हात धरून उभा होतो. आबांचं वजन उतरलं होतं. डोळे खोल गेले होते. मला बघून पहिलं वाक्य काय म्हणावं? "पेपर?"

मी म्हणालो, "झाला."

आत एसी होता आणि अंधार. भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा बोर्ड. रेडिओलॉजिस्ट मॅडम पन्नाशीच्या असतील. कूस बदलायला मदत हवी म्हणून त्यांनी मला आत थांबू दिलं. आश्चर्य म्हणजे मशीनला हात लावायच्या आधी त्यांनी आबांच्या उजव्या बरगड्यांमधल्या जागा एकेका बोटाने हलक्या दाबून बघितल्या. एका ठिकाणी आबा कळवळले. मॅडमनी विचारलं, "काका, खांदा दुखतो का?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. खांद्याचं यांना कुणी सांगितलं?

"दारू घेता का?"

"माळकरी आहे मी," आबा जरा रागानेच म्हणाले.

"रागावू नका, सगळ्यांनाच विचारावं लागतं. पाणी कुठलं पिता?"

"टँकरचं. रानात असलो की मिळंल ते."

मग पोटावर जेल लावून त्यांनी प्रोब ठेवला. स्क्रीनवर राखाडी रंगाचा पंखा उघडला. मला त्यात काहीच कळेना. बार्शीचा रिपोर्ट बघत मॅडमनी सहज विचारलं, "तू काय करतोस?" मी म्हणालो, "इंजिनिअरिंग. ई अँड टीसी." बस! त्यांनी प्रोब न हलवता विचारलं, "मग सांग, हे जेल कशाला लावतात?"

मित्रांनो, आयुष्यातली सगळ्यात अवघड व्हायव्हा अशी सुरू झाली. एक्स्टर्नल समोर, प्रोब बापाच्या पोटावर, आणि उत्तर येत नाही.

"हवा..." मी चाचरलो.

"हवा काय? प्रोब आणि कातडी यांच्यात हवेचा पातळसा थर राहिला तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच परत फिरतो. तुमच्याकडे ट्रान्समिशन लाईनला काय म्हणतात ते?"

"इम्पीडन्स मिसमॅच!" हे मात्र तोंडातून निघालं. रिफ्लेक्शन कोएफिशंटची गणितं मी पन्नास वेळा सोडवली होती. ती इथे, आबांच्या पोटावर, जेलच्या रूपात भेटतील असं कधी वाटलं नव्हतं.

मॅडम बोलत होत्या, पण नजर स्क्रीनवर होती. साडेतीन मेगाहर्ट्झचा आवाज आत जातो, आपटून परत येतो. शरीराच्या मऊ भागात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो असं मशीन धरून चालतं. दहा सेंटीमीटर खोल जाऊन यायला १३० मायक्रोसेकंद. त्या वेळेवरून खोली. फ्रिक्वेन्सी वाढवली तर चित्र बारीक दिसतं, पण आवाज खोल पोचत नाही. म्हणून पोटासाठी कमी, आणि गळ्याच्या थायरॉईडसाठी जास्त. खोलवरून येणारा प्रतिध्वनी क्षीण असतो. दर सेंटीमीटरला, दर मेगाहर्ट्झला साधारण अर्धा डेसिबल कमी होतो. म्हणजे जाऊन-येऊन वीस सेंटीमीटरला ३५ डेसिबल. (हे मी मनात केलं. ३५ डेसिबल म्हणजे पॉवर तीन हजारांश!) मग खोलवरचं दिसणार कसं? तर जितका उशिरा प्रतिध्वनी येईल तितकं त्याला जास्त ॲम्प्लिफाय करायचं. टाईम गेन कॉम्पेन्सेशन. मशीनवर त्यासाठी सरकत्या बटणांची एक रांगच असते.

आणि मग त्या थांबल्या. स्क्रीनकडे बोट करून म्हणाल्या, "आता बघ. ही तुमची गाठ. हिच्या मागे काय दिसतं?"

यकृताच्या वरच्या टोकाला, अगदी श्वासपटलाखाली, एक मोठा गोलसर काळपट भाग होता. आत धुरकट ठिपके. आणि त्याच्या मागे, म्हणजे स्क्रीनवर त्याच्या खाली, बाकीच्यापेक्षा पांढरा असा एक पट्टा होता.

"उजेड आहे," मी म्हणालो.

"का आहे?"

मी गप्प. इथे मात्र मला खरंच उत्तर हवं होतं, मार्कांसाठी नाही.

"विचार कर. मशीनला वाटतं की सगळीकडे यकृतच आहे आणि तेवढाच आवाज शोषला जाणार. म्हणून ते ठरल्याप्रमाणे ॲम्प्लिफाय करत जातं. पण मध्येच अशी जागा आली की जिथे आवाज कमी शोषला जातो, तर?"

माझ्या डोक्यात खट्कन काहीतरी जागेवर बसलं. "तर त्याच्या मागचं जास्तच ॲम्प्लिफाय होईल. म्हणून उजळ! म्हणजे आत... पाणी आहे?"

"पाणी नाही, पू असावा. पण पातळ आहे. चार दिवसांपूर्वी ते घट्ट असेल, म्हणून भरीव गाठीसारखं दिसलं. रिपोर्ट चुकीचा नव्हता, तेव्हा जे दिसलं ते लिहिलं आणि पुढची तपासणी सांगितली. सीटी आपण करूच. पण बाहेर आईला सांग, रडू नका म्हणावं."

मी बाहेर आलो. आईला सांगितलं. ती रडायची थांबली आणि मी सुरू झालो.

दुपारी सीटी झाला. आधी रक्त तपासून किडनी ठीक आहे ना ते बघितलं, कारण शिरेतून आयोडीनचं औषध द्यायचं होतं. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "औषध सोडलं आन् अंगभर असं गरम झालं, ठेच्याचं भगुनं उपडं केल्यावानी!" बऱ्याच दिवसांनी ते हसले.

सीटीच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, निरोगी यकृताला औषधाशिवाय ५०-६०. गाठीच्या आतला आकडा विसाच्या आसपास होता. औषध दिल्यावर बाजूचं यकृत उजळलं, गाठीची भिंत कड्यासारखी उजळली, पण आत काहीच उजळलं नाही. म्हणजे आत रक्त पोचत नव्हतं. भरीव गाठीचं लक्षण नव्हतं ते. मोठं गळूच होतं, यकृताचं. माप ९.२ बाय ८.४ बाय ७.६ सेंटीमीटर.

हे आकडे ज्याच्या नावाने ओळखले जातात तो गॉडफ्रे हौन्सफिल्ड डॉक्टर नव्हता. इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता, विद्यापीठाची रूढ पदवी नसलेला, डिप्लोमावाला. ईएमआय या कंपनीत कामाला. हो, तीच ती बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारी! त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगात एका वस्तूची मापं घ्यायला नऊ दिवस लागले होते. त्याच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. चित्र होतं ८० बाय ८० ठिपक्यांचं. १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला आणि ॲलन कॉरमॅक या भौतिकशास्त्रज्ञाला मिळून मिळालं. आणि अनेक दिशांनी घेतलेल्या सावल्यांवरून आतली वस्तू परत उभी करता येते, हे गणित योहान राडॉनने १९१७ सालीच मांडून ठेवलं होतं. त्या गणिताचा आणि फुरिए ट्रान्सफॉर्मचा थेट संबंध आहे. म्हणजे ज्या पेपरला मी त्या दिवशी बसलो नव्हतो, तो पेपर हॉस्पिटलच्या तळमजल्यावर गोल गोल फिरत होता.

छोटं गळू असतं तर नुसत्या औषधावर बरं झालं असतं. अमिबामुळे होणाऱ्या अशा गळवावर मुख्य औषध म्हणजे मेट्रोनिडॅझोल, तेच, जे आपल्याकडे जुलाबासाठी दिलं जातं. अमिबा दूषित पाण्यातून आतड्यात जातो, तिथून रक्तावाटे यकृतात. पण आबांचं गळू मोठं होतं आणि श्वासपटलाला टेकलं होतं. आत फुटलं असतं तर छातीत गेलं असतं. म्हणून नळी टाकायचं ठरलं. पूर्वी अशा वेळी पोट उघडावं लागायचं.

रक्त गोठण्याची तपासणी झाली, संमतीपत्रावर माझी सही झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी बापासाठी सही करत होतो. आजवर उलटंच होतं.

मॅडमनी सांगितलं, "दारात उभा राहा. चक्कर आली तर पडू नकोस, खाली बस." सोनोग्राफीच होती, एक्स-रे नव्हता, म्हणून एवढी परवानगी. कातडी बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं. मग प्रोबच्या कडेने सुई. स्क्रीनवर ती चकचकीत रेघेसारखी पुढे सरकताना दिसत होती. सरळ गळवात नाही गेली. आधी थोड्या चांगल्या यकृतातून, म्हणजे पू बाहेर पोटात गळणार नाही. आणि वर फुप्फुसाचं आवरण टाळून. "काका, श्वास रोखा." आबांनी रोखला. मीही रोखला.

सिरिंजमध्ये चॉकलेटी रंगाचा दाट द्रव आला. नमुना बाटलीत भरून लॅबला. मग सुईतून एक मऊ टोकाची तार आत, सुई बाहेर. तारेवरून वाट थोडी रुंद करायची, मग तारेवरूनच नळी आत, आणि तार बाहेर. इतकी साधी युक्ती! स्वेन-इवार सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरने ती १९५३ मध्ये रक्तवाहिन्यांसाठी प्रसिद्ध केली आणि आज जगभर नळ्या याच वाटेने जातात. आबांची नळी १२ फ्रेंचची. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे जाडी ४ मिलिमीटर. तार काढली की नळीचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळतं आणि आतून दोरा ओढून पक्कं करतात, म्हणून ती निसटत नाही. नावच 'पिगटेल'. आबांना हे नाव सांगितलं नाही, माळकरी माणूस!

वीस-पंचवीस मिनिटांत सगळं आटोपलं. मध्येच आबांनी विचारलं, "झालं का? म्हैस दोहायला पण एवढाच वेळ लागतो."

बाहेर बसून मी औषधाच्या बिलामागे गणित केलं. तीन मापांचा गुणाकार गुणिले ०.५२. साधारण ३०० मिली. संध्याकाळपर्यंत पिशवीत २६० मिली जमले होते. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो कुठल्याही प्रॅक्टिकलचं रीडिंग जुळल्यावर झाला नव्हता. (कारण ती रीडिंग्ज आपण कशी जुळवतो ते आपल्याला माहीत आहे.)

तिसऱ्या दिवशी ताप उतरला तो उतरलाच. आठ दिवसांनी नळी काढली. गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला.

एक कोडं मात्र राहिलं होतं. खांदा. राऊंडला आलेल्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, श्वासपटलाची नस मानेतून निघते, आणि खांद्याच्या कातडीच्या नसाही मानेतल्या त्याच मुळांतून येतात. श्वासपटल चिडलं की मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. "तुमच्याकडे टेलिफोनला काय म्हणतात?"

"क्रॉसटॉक," मी म्हणालो.

म्हणजे आबा खरं तेच सांगत होते. सिग्नल बरोबर होता, फक्त चुकीच्या लाईनवर आला होता. आणि ऐकणाऱ्याने बत्तीस सेकंदांत फोन ठेवला होता.

डिस्चार्जच्या आदल्या रात्री आई बोलली. गावातल्या डॉक्टरांनी दहा दिवस आधीच सोनोग्राफी करून घ्या म्हटलं होतं. आबांनी पुढे ढकलली. हजार-बाराशेचा खर्च, आणि जूनमध्ये माझी फी भरायची होती. "पोराचा पेपर होऊ दे, मग बघू," म्हणाले. आणि मी त्यांना सांगितलं होतं की पेपर झाला.

त्या रात्री मी ते खोटं कबूल केलं. वाटलं होतं चिडतील. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तू त्या मशीनचं सांगत होतास बाईंसंगं, ते काय होतं?"

मी सांगितलं, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत. आवाज सोडायचा, परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, त्यावरून खोली. आबा म्हणाले, "मंजी आपण अंधारात विहिरीत खडा टाकतो आन् डुबुक व्हायला किती वेळ लागतो त्यावरनं पाण्याचा अंदाज घेतो, तसंच की."

अगदी तसंच नाही, कारण तिथे वेळ खड्याच्या पडण्याचा असतो. पण वेळेवरून खोली, हे तत्त्व तेच. चार महिने मला जे कळलं नाही ते आबांनी एका खड्यात संपवलं.

सिग्नल्स बॅक राहिला. नंतर तो पेपर मी दिला आणि सुटलो. टाईम गेन कॉम्पेन्सेशन त्यात विचारलं नव्हतं, ते आपल्या सिलॅबसमध्येच नाही. पण यावेळी पाठ करायला दहा प्रश्न निवडले नाहीत. प्रत्येक प्रॉपर्टीपुढे 'हे कुठे लागतं?' असं पेन्सिलने लिहीत गेलो. काहींपुढची जागा अजून रिकामी आहे.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. लॅबमधल्या सीआरओवर जी लहर हलते ती कुणाच्या तरी बापाच्या पोटात जाणारी आहे, हे एकदा डोळ्यांसमोर आलं की जर्नलमधली रीडिंग्ज छापायला हात धजत नाही. आणि घरून फोन आला की बत्तीस सेकंदांत ठेवू नका. सबमिशन्स काय, दर सेमिस्टरला असतात.

आता मी दर रविवारी फोन करतो. गावाकडे पाणी उकळून पितात ना, हे आईला विचारतो. मग आबांना विचारतो, "खांदा कसा आहे?"

परवा म्हणाले, "खांदा झ्याक आहे. आता दुसरं कायतरी विचारत जा की!"

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार